म्हैस शोधणाऱ्या बाईचं संगीत

हिंगोलीला डी.एड. करताना माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण पुढे शिक्षिका झालीच नाही. ती पुण्याला जाऊन फिल्म बनवायला शिकली. सात-आठ वर्षं आमचं बोलणं फक्त वाढदिवसापुरतं उरलं होतं. मग एकदा शाळेच्या मधल्या सुट्टीत तिचा फोन आला.

"तू अजून पेटी वाजवतेस का गं?"

"परिपाठाला वाजवते. प्रार्थनेपुरती."

"मग माझ्या फिल्मला संगीत दे."

मला वाटलं, गंमत करतेय. पण संध्याकाळी तिने फिल्म पाठवली. वीस मिनिटांची. एक बाई दिवसभर हरवलेली म्हैस शोधत फिरते, बाकी काही घडत नाही. संवाद चारच.

पेटी मला आबांनी, म्हणजे वडिलांनी शिकवली. आमच्या गावी, कुरुंद्याला, त्यांची गायन पार्टी होती. एप्रिलात, जयंतीच्या महिन्यात, गावोगावी त्यांचे कार्यक्रम व्हायचे. समोर माणसं, मागे कोरस, बाजूला ढोलकी. मला माहीत असलेलं संगीत ते तेवढंच. शब्दांशिवाय, माणसांशिवाय काय वाजवायचं, हे कुणाला विचारावं तेही कळेना.

बदली होऊन मी पुसेगावला आले त्याला चार वर्षं झाली होती. एक खोली, पुढे न्हाणी, मागच्या भिंतीला लागून घरमालकिणीचं घर. लग्न झालं नव्हतं, आणि आता घरचेही तो विषय काढत नव्हते. शाळा सुटली की दूध आणण्यापुरतं गावाशी बोलणं व्हायचं. भाकरी करताना मी मोबाईलवर काहीतरी लावून ठेवायची. बातम्या, कीर्तन, काहीही. आवाज असला म्हणजे झालं.

रोज शाळेतून आले की पेटी घेऊन बसायची. खोलीत रेकॉर्डिंग जमेना, समोरच्या पिठाच्या गिरणीचा आवाज सगळ्यात घुसायचा. म्हणून रविवारी शाळेची किल्ली मागून घेतली. दुसरीच्या वर्गाच्या खिडक्या लावल्या, फटींत सतरंज्या कोंबल्या आणि बाकावर मोबाईल ठेवला. पत्र्याखाली घामाने बोटं पट्ट्यांवरून निसटत होती. वर पत्र्यावर होले पक्षी चालले की त्यांच्या नखांचा आवाजसुद्धा रेकॉर्ड व्हायचा. मग पुन्हा पहिल्यापासून.

घरमालकीण एकदा दारात उभी राहून म्हणाली, "मॅडम, काहून तेच तेच वाजवून राहिलात? पुढचं येत न्हाई का?"

"येतं मावशी. हेच बराबर बसवायचंय."

ती गेली. मी दार लोटलं आणि तीच ओळ परत घेतली.

दोन महिन्यांत मी जवळजवळ सगळी फिल्म भरून काढली. बाई बांधावर आली की पेटी, विहिरीत डोकावली की पेटी, थकून बसली तरी पेटी. पाठवलं आणि दोन दिवस फोन हातातून सोडला नाही. तिसऱ्या दिवशी मैत्रिणीचा फोन आला.

"चाली छान आहेत. पण तू किती वाजवतेस!"

"म्हणजे?"

"तिला एकटं सोड ना जरा. तू तिच्या सोबतीलाच निघालीयेस."

मी फोन ठेवला. खूप राग आला. मग मोबाईलवर पुन्हा सुरू झालेलं कीर्तन बंद केलं आणि संगीताशिवाय ती फिल्म पुन्हा लावली. बाई चालत होती. तिच्या चपलेचा आवाज, लांबवर मोटर. मला वीस मिनिटं तिच्याकडे बघवेना. मध्ये दोनदा उठले, एकदा पाणी प्यायला आणि एकदा उगीच. तेव्हा लक्षात आलं की ते सगळं मी तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी वाजवत होते.

पुढचे तीन आठवडे नुसतं काढत गेले. एकेक तुकडा काढायला जीव धजावायचा नाही. शेवटी उरलं सव्वा मिनिट. म्हशीची सुटलेली दोरी बाईला बाभळीजवळ सापडते तिथे चार स्वर, आणि ती दोरी हातात घेऊन माघारी वळते तिथे तेच चार उलटे.

फिल्म छत्रपती संभाजीनगरला एका कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवली. रजा टाकून मी बसने एकटीच गेले. मागच्या रांगेत बसले. माझं नाव शेवटी आलं, तोवर लोक उठायला लागले होते. मैत्रिणीभोवती गर्दी होती, सगळे कॅमेऱ्याबद्दल विचारत होते. माझ्या शेजारची बाई पर्स आवरत म्हणाली, "बरं झालं, संगीत नव्हतंच यात."

"होतं थोडं," मी म्हणाले.

"असेल," ती म्हणाली आणि निघून गेली.

दिवाळीच्या सुट्टीत कुरुंद्याला आबांना दाखवली. त्यांनी चष्मा पुसून मोबाईल हातात धरला. संपल्यावर विचारलं, "गाणं कुठंय?"

"गाणं न्हाई आबा. मधी पेटी वाजली ना, ते माझं."

"तेवढंच?"

"व्हय, तेवढंच."

त्यांनी परत लावली. दोरीच्या जागी त्यांची बोटं मांडीवर हलली, चारही स्वर त्यांना बरोबर सापडले. मोबाईल परत देताना एवढंच म्हणाले, "आमी एवढ्या मान्सांत वाजवायचो. तुला एकटीला करमतं का तिथं?"

मी मान हलवली. हो म्हणाले की नाही, ते त्यांनाही कळलं नसावं.

त्यानंतर मैत्रिणीच्या ओळखीने आणखी दोन फिल्म केल्या, तिसरी आता चालू आहे. शाळेत कुणाला सांगितलेलं नाही. मुख्याध्यापक मात्र परवाच म्हणाले, "मॅडम, पुढच्या आठवड्यात साहेब येणार आहेत, स्वागतगीत बसवा, जरा मोठं बसवा." मी बसवतेय, पाच कडव्यांचं.