निरोगी गाजरांतला निळा ठिपका

गाजराला बुरशी लागली की ते गप्प बसत नाही. आपल्या अंगात एक कडू रसायन तयार करतं आणि बुरशीला पुढे सरकू देत नाही. कोणती बुरशी गाजराला किती कडू करते, हा माझ्या एम.एस्सी.च्या प्रकल्पाचा विषय होता. विषय चांगला होता, माझंच चित्त थाऱ्यावर नव्हतं. त्या वर्षी पुण्यात जो तो कोबोल ही कॉम्प्युटरची भाषा शिकत होता. सदाशिव पेठेतल्या खोलीवरच्या माझ्या दोन्ही मैत्रिणी सॉफ्टवेअरमध्ये चिकटल्या होत्या आणि व्हिसाच्या गप्पा मारत होत्या. मी मंडईतून गाजरं निवडून आणत होते. भाजीवाली विचारायची, "हलवा का ताई?" मी चिडून म्हणायचे, "नाही, बुरशी!"

रोज दुपारी नारायण पेठेत कॉम्प्युटरचा क्लास असायचा. त्यापायी गाजरं धुणं, सुऱ्या उकळणं, ट्रे लावणं ही कामं मी हळूहळू मामांवर ढकलली. मामा म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे मदतनीस. विदर्भातून आलेले, आठ वर्षं हंगामीच. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी शिफारशीच्या पत्रावर सही केली की ते कायम होणार होते. मामा हे मला अधूनमधून सांगायचे आणि मी ऐकल्यासारखं करायचे.

बुरशी टोचलेली गाजरं फ्रिजच्या वरच्या कप्प्यात, बंद डब्यात. निरोगी गाजरं तुलनेसाठी खाली, उघड्या ट्रेमध्ये. तीन आठवड्यांनी दोन्हींचा अर्क जांभळ्या दिव्याखाली पाहायचा. कडू रसायन असेल तिथे निळा ठिपका चमकतो. निरोगी गाजरांत तो दिसता कामा नये. पण दिसला, आणि चांगला ठसठशीत दिसला. उरलेल्या गाजराचा तुकडा जिभेला लावून पाहिला, तर कडूजहर.

माझं डोकं फिरलं. सॉफ्टवेअर कंपनीतला इंटरव्ह्यू आठवड्यावर आलेला, आता आणखी तीन आठवडे कुठून आणायचे? मी मामांवर तोंड सोडलं. बुरशीची सुरी निरोगी गाजरांना लावली असणार, नाहीतर ट्रे बदलले असणार!

"तुम्ही सांगितलं तसंच ठेवलं जी, मॅडम," मामा म्हणाले. "सुरी तर दोनदा उकळली."

मी तडक सरांकडे जाऊन तावातावाने तक्रार केली. मामांचं पत्र सरांसमोर सहीसाठी पडलं होतं. त्यांनी ते उचलून खणात टाकलं. "बघू," म्हणाले.

दोन दिवसांनी प्रकल्पाची पानं भरायला म्हणून मी ग्रंथालयात बसले होते. एका जाडजूड पुस्तकात चार ओळी सापडल्या. पिकणाऱ्या फळांतून एक वायू निघतो, त्याने गाजर फसतं आणि बुरशी नसतानाही तेच कडू रसायन बनवायला लागतं. गाजरं सफरचंदांशेजारी ठेवू नयेत, असंही तिथे लिहिलं होतं.

बिबवेवाडीच्या मावशीने "चेहरा बघ कसा उतरलाय" म्हणत मला पिशवीभर सफरचंदं दिली होती. खोलीवर फ्रिज नव्हता, म्हणून मी ती प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये, ट्रेच्या शेजारी ठेवली होती. ती संपल्यावर दुसरी पिशवी मीच विकत आणली. त्या फ्रिजमध्ये खाण्याचं काही ठेवायचं नाही, असा सरांचा कडक नियम होता. मामांनी माझी सफरचंदं रोज पाहिली होती, पण सरांपाशी अवाक्षर काढलं नव्हतं.

पुस्तक घेऊन मी सरांकडे गेले, सगळं सांगून टाकायचं ठरवूनच. सरांनी त्या ओळी वाचल्या आणि खूश झाले. "अहो, हे तर तुमच्या मूळ विषयापेक्षा बरं आहे! प्रयोग बिघडलाच नाही. हेच लिहा." मग चष्मा काढून म्हणाले, "म्हणजे मामा फ्रिजमध्ये फळं ठेवत होते तर?"

खरं सांगितलं असतं तर सरांनी मला चार शब्द सुनावले असते, त्यापलीकडे काही नाही. तेवढेही मला ऐकायचे नव्हते. मला फक्त तिथून सुटायचं होतं. आज हे लिहितानाही लाज वाटते.

"हो सर," मी म्हणाले.

सरांनी बेल दाबून मामांना बोलावलं. "फ्रिजमध्ये सफरचंदं ठेवत होतात? आठ वर्षांत एवढाही नियम कळला नाही तुम्हाला? आता पत्राचं पुढच्या वर्षी बघू."

मामांनी सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काहीतरी बोलेन म्हणून ते थांबले होते. मी पुस्तकाची पानं उलटत राहिले.

"चुकलं जी," मामा म्हणाले, आणि बाहेर जाताना त्यांनी दार आवाज न करता ओढून घेतलं.