कुलूप मी लावलं होतं

सौंदडच्या फलाटावर माय मला सोडायला आली तेव्हा आमच्या शाळेला कुलूप लागून नववा दिवस होता. तिच्या हातात मुरमुऱ्याच्या लाडूंची पिशवी होती. गाडी लांबून दिसायला लागली तशी ती म्हणाली, "चावी देऊन जा ना, बाई."

मी दिली नाही. "तुम्हा लोकांजवळ ठेवली तर शिक्षण खात्याचा साहेब डोळे वटारेल अन् तुम्ही उघडून द्याल," असं तिच्या तोंडावर म्हणाले. गावची चार माणसं शेजारी उभी होती, सगळ्यांनी ऐकलं. माय म्हणाली, "बरं. पोचली का फोन करजो." चावी माझ्या पर्समध्ये पुण्याला गेली.

तुम्ही जे गावात राहिलात, त्यांना हे माहीत आहे. माझ्यासारखे जे सुरतेला, हैदराबादला, पुण्याला गेले, त्यांना मी अर्धंच सांगत आले.

आपली शाळा चौथीपर्यंतची. एक गुरुजी निवृत्त झाले, दुसऱ्यांची बदली झाली, आणि जागा भरणार नाही असं उत्तर आलं. का? देशावर कर्ज, राज्यावर कर्ज, तिजोरीत खडखडाट, काटकसर करावी लागेल. मी तेव्हा गोंदियात कॉलेजला होते. 'कर्ज काढताना आमच्या पोरांना विचारलं होतं काय?' हे पत्रक माझं. जिल्हा परिषदेवर मोर्चा नेला. घोषणा हिंदीत दिल्या, कारण गोंदिया हिंदीतच ऐकतं. निवेदन घ्यायला शिपाई तेवढा बाहेर आला. म्हणून गावात येऊन शाळेला कुलूप ठोकलं. शिक्षक द्या, मग उघडू.

माय त्याच शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. ती म्हणाली होती, "त्यायले बंदच कराची आहे, तं आपणच कायले बंद करून देऊन राहिलो?" मी तिला अर्थसंकल्प समजावला.

कुलूप लावतानाचा माझा फोटो पेपरात आला. मूठ वर, तोंड उघडं. तो पाहून पुण्याच्या एका संघटनेनं मला बोलावलं. पत्रकं लिहायचं काम, राहायला खोली. शाळेचं काय होईल ते पुढं, मला मात्र त्या कुलपानं लगेच पुणं दिलं.

पुण्यात पोचून आठवडाही झाला नसेल, डोमाजी काकांचा फोन आला. काका शाळा समितीचे अध्यक्ष. "बाई, साहेब उद्या येऊन राहिला. म्हणते, पोट्टे वर्गात बसलेले दिसले तं शाळा सुरू आहे असं लिहून देतो, एक कंत्राटी गुरुजीबी देतो. कुलूप तोडू का?"

माझ्यासमोर तेव्हा संघटनेची मीटिंग चालू होती. लोक ऐकत होते. मी मोठ्यानं म्हणाले, "तोडायचं नाही, काका. आधी लेखी घ्या." काका म्हणाले, "तू शिकेल आहेस. तू म्हणशील तसं."

समोर बसलेल्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी साहेब आला. पोरं आंघोळी करून, भांग पाडून पायरीवर बसली होती. त्यानं बंद दाराचा फोटो घेतला आणि पंचनाम्यात लिहिलं: शाळा ग्रामस्थांनी स्वतः बंद केली, वर्गात उपस्थिती निरंक. पुढं समायोजनाचं पत्र आलं: ही शाळा बंद, पोरं सौंदडच्या शाळेत. पोरं आता सौंदडला जातात, ट्रकांच्या रस्त्याच्या कडेनं. मायचं काम गेलं. ती दुसऱ्याच्या बांधीत धानाच्या रोवणीला जाते. खर्च कमी करायचा होता त्यांना, तो मी करून दिला.

आणि मी काय केलं? सभांमधून सांगत फिरले, 'आमच्या गावानं शाळेला कुलूप ठोकलं!' कॅम्पेनच्या रीलमध्येही तेच. काकांचा फोन कधी सांगितला नाही. पत्रकात मी 'जनतेवर विश्वास' लिहायचे, आणि जनतेतल्या एका बाईला चावी द्यायला माझा हात झाला नव्हता. मायनं कधी बोल लावला नाही. एकदाच फोनवर म्हणाली, "कुलूप बाकी मजबूत आणलं होतंस."

यंदा रोवणी आटोपल्यावर गावी आले. चावी घेऊनच आले. रस्त्यात डोमाजी काकांनी "कधी आलीस?" एवढं विचारलं, आणि तेच लागलं. कुलूप अजून तिथंच होतं. मला वाटलं, गंजलं असेल, जोर लावावा लागेल. चावी घातली तर ते लगेच उघडलं. मागं माय उभी होती. म्हणाली, "शिलाई मशीनचं तेल सोडून राहिली ना मी त्यात. साहेब पुन्हा आला असता तं?"

दोन वर्षं. मी माइकवर ओरडत होते, आणि ती कुलपात तेल सोडत होती.

तिनं वर्ग झाडला. फळ्यावर कुलूप लागायच्या आदल्या दिवसाची तारीख तशीच होती, ती पुसली नाही. दार ओढून घेतलं, कुलूप लावलं आणि माझ्यापुढं हात केला. या वेळी मी चावी दिली. तिनं ती पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. "येत्या ग्रामसभेत शाळेचा ठराव पुन्हा टाकून राहिलो आमी," ती म्हणाली. "तू कागद लिहून दे. कुलपाचं आमी पाहू."

अर्ज लिहिला आहे. पहिल्या ओळीत लिहिलं, चावी माझ्याजवळ होती. घर कुठं, असं कोणी विचारलं तर आता मी सौंदडच्या अलीकडचं गाव सांगते, पण 'माझं गाव' म्हणायच्या आधी थोडी थांबते.