क्यूसीच्या मॅडमचं कस्टर्ड

“हलतंय अजून,” असं म्हणत मॅडम दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून मायक्रोवेव्हच्या काचेसमोर वाकायच्या. आत पांढऱ्या कपांतलं कस्टर्ड गोल फिरत असायचं. आपण म्हणावं, मग ठेवा की अजून मिनिटभर, तर त्या मान न वळवता म्हणायच्या, “नाही रे. कडेनं बसलं पाहिजे आणि मधोमध हललं पाहिजे. हलतं असतानाच बाहेर काढायचं. बाकीचं ते आपलं आपण करतं.”

सातपूरच्या एका कारखान्यात आम्ही बरोबर काम करत होतो. मी खरेदी विभागात. त्या क्यूसीत, म्हणजे तयार माल मोजूनमापून पास किंवा नापास करणाऱ्या खात्यात. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल, ज्याच्या टेबलाजवळून जाताना आपण उगाच शर्ट नीट खोचतो. ‘चालून जाईल’ हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. “कुठे चालून जाईल?” त्या शांतपणे विचारायच्या, “पाय आहेत का त्याला?”

ऑफिसात डबे गरम करायला मायक्रोवेव्ह आला आणि पहिल्याच शनिवारी मॅडमनी घरून एक बरणी आणली. कोमट दुधात साखर विरघळवून, त्यात फेस न येऊ देता फेटलेली अंडी घालून, चहाच्या गाळणीतून दोनदा गाळलेलं मिश्रण. ते कपांत ओतलं, वर जायफळ किसलं, कप पाण्याच्या काचेच्या भांड्यात ठेवले. अर्ध्या पॉवरवर दीड मिनिट, मग थांबायचं, मग पुन्हा अर्धं मिनिट. मी शेजारी उभा होतो, कारण खाण्याच्या वस्तूशेजारी मी नेहमीच उभा असतो. “अंडं चालतं ना तुला?” त्यांनी विचारलं. मला काय, सगळंच चालतं. तो कप मी बोटानं पुसून खाल्ला.

पुढच्या शनिवारी त्यांनी सगळ्यांसाठी आणायचं ठरवलं. इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्याकडे कस्टर्ड म्हणजे डब्यातली पिवळी पावडर, दूध आणि वरून केळी-डाळिंब. त्यात अंडं नसतं. मॅडमच्या कस्टर्डात पावडर नव्हती, अंडं होतं. माझी सगळी लाज या एवढ्या फरकात आहे.

त्यांना हा फरक पक्का ठाऊक होता. कप बाहेर पाठवताना त्या मला म्हणाल्या, “मी दुसरा घाणा लावते. तू सगळ्यांना सांग, यात अंडं आहे. ज्याला चालत नाही त्याच्यासाठी केळी आणलीयेत.” मी ट्रे घेऊन बाहेर आलो. फोन वाजला म्हणून ट्रे टेबलावर ठेवला. वळून बघतो तर अकाउंट्सच्या काकांच्या तोंडात चमचा.

काका म्हणजे गळ्यात तुळशीची माळ, कपाळी गंध, हॉटेलात गेले तर आधी स्वयंपाकघर बघून येणारे. त्यांनी डोळे मिटले होते. “वा,” ते म्हणाले, “हे काहीतरी वेगळंच आहे. पावडर कुठली रे ही?”

तेव्हा बोलायला हवं होतं. एक चमचाच गेला होता. काका चिडले असते, चूळ भरून आले असते, दोन दिवस माझ्याशी बोलले नसते, आणि ते तिथेच संपलं असतं. पण मला वाईटपणा घ्यायला जन्मात कधी जमलेलं नाही. लग्नाच्या पंगतीत कोणी नको असलेलं वाढलं तरी मी हात आडवा धरत नाही. मी म्हणालो, “त्यांच्या घरची पद्धत आहे.”

मॅडम दुसरे कप घेऊन आल्या आणि काकांना खाताना बघून थबकल्या. हळूच मला विचारलं, “सांगितलंस ना?” मी मान डोलावली. त्यांचा चेहरा इतका खुलला की काय सांगू. “काका, तुम्हाला चालेल असं वाटलं नव्हतं मला,” त्या म्हणाल्या. काकांना साखरेचा त्रास. त्यांना वाटलं मॅडम त्याबद्दल बोलतायत. “एका कपानं काय होतंय,” ते म्हणाले, “घरी फक्त सांगू नका.”

मला तेव्हा हसू आलं होतं. हे मी लपवत नाही. घरी जाऊन मी बायकोला तो प्रसंग नक्कल करून सांगितला. ती हसली नाही. सोमवारी जाऊन खरं काय ते सांगून टाका, एवढंच म्हणाली.

सोमवारी मी सांगितलं नाही, आणि शनिवारमागून शनिवार गेले. सगळ्यांना त्या कपांची चटक लागली. मशीनवरचा एक ऑपरेटर इगतपुरीकडून यायचा, तो तर मुद्दाम रिपोर्ट द्यायच्या निमित्तानं वर यायचा आणि म्हणायचा, “मॅडम, लय भारी लागतंय, पोटात गारगार वाटतं.” काकांचा कप मॅडम आता सगळ्यात आधी भरायच्या. त्यांच्यासाठी साखर कमी घातलेलं वेगळं करायच्या. एक सोवळा माणूस आपल्या हातचं इतक्या मोकळेपणानं खातो, याचं त्यांना फार अप्रूप होतं. त्या तसं बोलूनही दाखवायच्या, आणि मी समोर बसून चमचा चाटत असायचो.

मॅडम कोणत्या घरच्या हे आतापर्यंत सांगितलं नाही, कारण आमच्या ऑफिसात तोवर त्याचा विषय निघाला नव्हता. ईदला त्या शीरखुर्मा आणायच्या. काकांसाठी वेगळा, कोऱ्या पातेल्यात केलेला. ते पातेलं त्यांनी तेवढ्यासाठीच भांडी बाजारातून घेतलं होतं. मला माहीत आहे, कारण ते निवडताना मी बरोबर होतो. तीन पातेली परत करून त्यांनी चौथं घेतलं, आणि दुकानदाराला बजावलं की वर आमचं नाव घालू नका, त्यात आमच्या घरचं दुसरं काही शिजणारच नाहीये.

मग एका शनिवारी खालून बोलावणं आलं. एक अख्खा लॉट मापात बसत नव्हता. मॅडमनी कप नुकतेच आत ठेवले होते. जाताना मला म्हणाल्या, “अर्ध्या पॉवरवर दीड मिनिट. मग हात लावू नकोस, मी येतेच.” मला पॉवर कमी करायचं बटण सापडेना. मी सरळ चार मिनिटं लावली आणि फोन घ्यायला गेलो.

परत आलो तेव्हा कप उतू गेले होते. आत पिवळ्या गुठळ्या आणि पाणी वेगळं झालं होतं, आणि अंड्याचा असा वास सुटला होता की कोणाला काही विचारावं लागू नये. काका आधीच मायक्रोवेव्हचं दार उघडून उभे होते. त्यांनी एकदा आत बघितलं, मग माझ्याकडे. “हे आपण दर शनिवारी खातो ते?” त्यांनी विचारलं. मी फडकं घेऊन सांडलेलं पुसायला लागलो. ते बेसिनपाशी गेले आणि खूप वेळ चूळ भरत राहिले, जणू मागचे सगळे शनिवार धुऊन निघणार होते.

अर्ध्या तासानं सगळे साहेबांच्या केबिनमध्ये. काका रडत होते. त्यांचं दुःख खरं होतं, त्याला मी आजही नावं ठेवणार नाही. पण कोणीतरी मागून म्हणालं, “मुद्दाम केलं असणार.” आणि आजवर न निघालेला विषय एका शब्दात खोलीभर पसरला. ज्या नावाची आम्ही वर्षानुवर्षं फक्त सही बघितली होती, त्या नावाकडे सगळे वेगळ्याच नजरेनं बघायला लागले. अंडं राहिलं बाजूला.

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. रागानं नाही. नापास होऊ घातलेल्या मालाला पुन्हा एकदा मोजून बघावं, तशा बघत होत्या. मी साहेबांच्या टेबलावरच्या कॅलेंडरमधले रविवार मोजले. मग त्याच म्हणाल्या, “चूक माझी आहे. प्रत्येकाला मी स्वतः विचारायला हवं होतं.”

मायक्रोवेव्हवर ‘फक्त शाकाहारी’ अशी पाटी लावायचं ठरलं. माझं अक्षर चांगलं म्हणून ती मीच लिहिली.

त्यानंतर मॅडम आपल्या जागेवरच जेवायला लागल्या. डबा गार असला तरी गरम करायला उठायच्या नाहीत. ईद आली तेव्हा त्यांनी काही आणलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. पुढच्या वर्षी मुलीकडे पुण्याला जायचं म्हणून त्यांनी नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी मी त्यांच्या स्कूटरपाशी जाऊन उभा राहिलो. म्हणालो, “मॅडम, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय.”

“मला कशाला सांगतोस? मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “केबिनमध्ये काकांचं तोंड बघितलं तेव्हाच कळलं, तू सांगितलेलं नाहीस.”

“मग तुम्ही तिथे बोलला का नाहीत?”

त्या हेल्मेटचा पट्टा लावत होत्या. “मी तुझं नाव घेतलं असतं तर लोक म्हणाले असते, आता दुसऱ्यावर ढकलते. ते तू म्हणायला हवं होतंस. मी थांबले होते तुझ्यासाठी.” मग स्कूटरला किल्ली लावत म्हणाल्या, “काकांना वाटतंय मी त्यांना फसवलं. ते मनात घेऊन बसलेत. त्यांना सांग, म्हणजे त्यांना बरं वाटेल.”

त्यांना बरं वाटेल, असं म्हणाल्या. स्वतःबद्दल एक अक्षर नाही. मी शब्द दिला, आणि त्याला आता तीन वर्षं झाली. काका रोज भेटतात. रोज दुपारी शेजारी बसतात.

परवा क्यूसीत नवीन आलेल्या बाई आमच्याबरोबर जेवायला बसल्या. बोलता बोलता काकांनी ती गोष्ट काढली. आताशा ती बरीच वाढली आहे. आता त्यात मॅडम कप पुढे करताना हसायच्या, आणि त्यांनी काकांना शपथेवर सांगितलं होतं की यात काही नाही. बाईंना ते पटेना. कोणी मुद्दाम असं का करेल, त्यांनी विचारलं.

“मग ह्याला विचारा,” काका माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. “हा होता तिथे. हा कधी खोटं बोलायचा नाही.”

बाई माझ्याकडे बघत थांबल्या.

“होतो मी तिथे,” मी म्हणालो.

काकांनी त्यांच्या डब्यातली अर्धी पुरणपोळी माझ्या डब्यात ठेवली, वर तूप सोडलं. ती मी खाल्ली.