मोडलेली पेटी आणि झाकलेला कांदा

ती घटना आजही आठवते म्हणजे फार मोठी होती असे नाही. खून, दरोडे यांचे तपशील मी विसरलो, पण एका मोडलेल्या पेटीची गोष्ट काही केल्या डोक्यातून जात नाही. कारण शेवटी सांगतो. ते सांगणे मला जड जाणार आहे.

नोकरीचे शेवटचे वर्ष होते, नेमणूक राहुरी भागात. नगरपरिषदेने कृषी विद्यापीठाजवळची पडून राहिलेली भाजी मंडई दुरुस्त करून नवा धंदा उभा करू पाहणाऱ्या पोरांसाठी चार गाळे काढले होते. वर्षभर जागा, वीज, पाणी नगरपरिषदेचे. वर्ष संपले की समिती येऊन काम बघणार. पटले तर मुदत वाढणार, नाही तर गाळा खाली करायचा.

त्यातल्या एका गाळ्याचा तरुण एके दिवशी दुपारी ठाण्यात आला. साठवणीच्या चाळीतला कांदा सडू लागला की वासावरून ओळखून मोबाईलवर कळवणारी पेटी त्याने तयार केली होती. मंडईच्या मागे लहानशी चाळ उभारून तिथे चाचणी चालू होती. सगळे गाळेवाले बैठकीला नगरपरिषदेत गेले असताना कुणीतरी पेटी फोडली, तारा उपटल्या. तीन दिवसांनी समिती येणार होती. पोराच्या तोंडाचे पाणी पळाले होते.

सोबत त्याचा जिवलग मित्र होता. तक्रारदारापेक्षा तोच मोठ्याने बोलत होता. "साहेब, सोडू नगा त्याला. कोन हाय ते हुडकाच!"

तक्रार लिहून घेण्याआधी मी जागेवर गेलो. पेटीचा चुराडा झाला होता. त्या दुपारी अवकाळीची मोठी सर येऊन गेली होती, तरी चाळीतला कांदा कोरडा ठणठणीत होता. वर ताडपत्री घट्ट बांधलेली, कडेला विटा ठेवलेल्या.

"ताडपत्री कुणी बांधली?" मी विचारले.

"काय म्हाईत, साहेब. सकाळी मीच सोडून गेल्तो, वारं लागावं म्हनून," तक्रारदार म्हणाला.

माझा हवालदार हसला. "साहेब, चोर लईच मायाळू दिसतोय."

मी मात्र हसलो नाही. पेटी फोडणारा माणूस आभाळ भरून आल्यावर पळून जायचा सोडून थांबला होता आणि भर वाऱ्यात ताडपत्री बांधत बसला होता. त्याचा राग पेटीवर होता, कांद्यावर नव्हता. कांदा भिजताना बघवत नाही असा माणूस शेतकऱ्याच्याच घरचा. बाकीचे तिन्ही गाळेवाले शहरात वाढलेले होते आणि बैठकीच्या हजेरीत त्यांच्या सह्याही होत्या.

समोर चहाची टपरी होती. टपरीवाल्या मावशींनी आपणहून खबर दिली. "आदी दोघं एका कपातला चहा वाटून प्यायचे. गाळ्यावर पाटी लागली, तवापासून त्यो दोस्त पल्याडच्या बाकड्यावर बसतो. पाठ करून."

मी पाटी पाहिली. तिच्यावर एकच नाव होते.

मित्राला ठाण्यात बोलावले. चौकशीत मी आरडाओरडा फारसा करत नसे. चहा मागवला आणि पेटीचा विषयच काढला नाही. कप घेताना त्याचे तळवे दिसले. दोरी ओढल्याचे लाल वळ होते.

"का रे, आज तो कांदा भिजला असता तर काय झाले असते?"

"चार दिवसांत वास सुटला असता, साहेब. समद्या चाळीला लागला असता. म्हनून तर मी..."

  त्याने कप खाली ठेवला आणि तो रडू लागला.

"पेटी दोघांची हाय, साहेब. हास्टेलात बसून दोघांनी केली. गाळ्याचा अर्ज मीच भरला. एकाचंच नाव टाकू म्हनलं, आपल्यात काय वायलं हाय? मी त्याचं टाकलं. मग पाटी लागली, पेपरात फोटू आला, त्याचा एकट्याचा. माझा बाप मलाच म्हनतो, बघ तुझा दोस्त कुठं गेला! माझा लई जळफळाट झाला."

"मग कांदा कशाला झाकलास?"

"त्यो कांदा माझ्या आईनं निवडून दिल्येला हाय, साहेब. एकेक करून."

तक्रारदाराला बोलावून सगळे सांगितले. लेखी तक्रार द्यायची की नाही, हे त्याच्यावर सोडले.  मित्राकडे न बघताच तो म्हणाला, "वायरिंग त्यालाच येतंय. उद्या सकाळी ये म्हनावं." तक्रार झाली नाही. समिती आली, गाळा राहिला. पुढे पाटीवर दुसरे नाव लागले की नाही, ते मला ठाऊक नाही. त्या दोघांची पहिली मैत्री परत आली, असेही मी म्हणणार नाही.

आता माझे. मी आणि माझा एक जिवलग मित्र पोलिसात एकाच तुकडीत भरती झालो. एका मोठ्या गुन्ह्याचा छडा आम्ही मिळून लावला आणि पदकासाठी शिफारस मात्र त्याची झाली. तपासात त्याचा वाटा काय होता, यावर माझा लेखी अभिप्राय वरून मागवला होता. मी तो कागद मुदत संपेपर्यंत टेबलाच्या खणात ठेवला. शिफारस बारगळली. कागद टपालात कुठेतरी हरवला, अशी त्याची आजही समजूत आहे. मी पोटातून जळत होतो, एवढेच त्यामागचे कारण होते. आपल्या मुलाच्या बारशाला त्याने मला पहिल्या पंगतीत बसवले होते, तेव्हाही तो कागद खणातच होता.

चौकशीच्या खोलीत त्या पोरासमोर बसलो असताना मला तो खण आठवत होता. पोराने रागाच्या भरात वाईट केले, पण आभाळ आले तेव्हा त्याचे हात ताडपत्रीकडे गेले. माझ्याकडे पुरते दोन महिने होते आणि मी खण एकदाही उघडला नाही.

निवृत्तीनंतर मी जे लिहितो, ते तो मित्र आवर्जून वाचतो आणि वाचून झाले की फोन करतो. यावेळी मी मोबाईल जवळ घेऊन बसलो आहे.