गळा साफ नसलेला ट्रान्सफॉर्मर

मंडळी, मी वीज कंपनीत खरेदी बघते. आज सप्लायर मिश्राजींना शेवटची नोटीस द्यायला गेले होते. ट्रान्सफॉर्मर आठवडाभर लेट, आणि टेस्ट रिपोर्ट तर सगळे ओके!

कारण विचारलं, तर त्यांनी वर्कशॉपमधले पंखे बंद केले, ट्रान्सफॉर्मर चालू केला आणि डोळे मिटले. "सुनिए मॅडम, अभी इसका गला साफ नहीं है."

मीही डोळे मिटले. त्याच्या गुणगुणण्यात खरंच बारीक खरखर होती. नोटीस पर्समध्येच राहिली. चार दिवस वाढवून दिलेत. साहेबांना काय सांगू, देव जाणे.

संध्याकाळी इंदिरा नगरच्या आमच्या कोपऱ्यावर भाजी घेता घेता थबकले. खांबावरचा ट्रान्सफॉर्मर मंद सुरात गुणगुणत होता. इथे राहतेय त्या बारा वर्षांत पहिल्यांदा ऐकला मी.

तुमच्या कोपऱ्यावरचा ऐकलाय कधी? की तो गप्प झाल्यावरच वर बघता?