कुणाचा तरी खाडा

आमच्या सोलापुरात हल्ली पाहुणे मिल बघायला येतात. सकाळी इंद्रभुवन, मग भुईकोट किल्ला आणि शेवटी आमच्या चाळीसमोरची बंद मिल. चिमणीखाली उभं राहून फोटो काढतात. "किती शांत वाटतं ना इथं!" एक बाई माझ्यादेखत म्हणाल्या. उचलली जीभ, लावली टाळ्याला. हजारो माणसांचं काम गेलं की शांतता आपोआप येते, बाई.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, तरुणपणी मंगळवेढ्याहून आले आणि या मिलमध्ये बदली म्हणून लागले. कायम कामगार आला नाही, तर त्याच्या जागी त्या दिवसापुरता घ्यायचा तो बदली. रोज पाळीच्या वेळी डबा घेऊन गेटच्या डाव्या अंगाला उभं राहायचं. कुणाचा खाडा पडला तर आत, नाही तर तोच डबा घेऊन घरी. कुणी तापानं फणफणलं, कुणाकडं मयत झालं, की आमची चूल नीट पेटायची. आई देवापुढं हात जोडून नेमकं काय मागायची, हे विचारायची माझी कधी हिंमत झाली नाही. अण्णा कायम व्हायच्या आतच मिल बंद पडली. कायमवाल्यांनी निदान मोर्चे काढले. बदलीवाल्यानं कुठल्या तोंडानं भांडायचं?

गेल्या हिवाळ्यात अण्णांनी धोसरा लावला. एक डोळा गेलाच आहे, दुसऱ्याचाही भरवसा डॉक्टर देत नाहीत. "एकदा आत जाऊन साचेखातं बगायचंय," म्हणाले. साचे म्हणजे माग. "दिसतंय तवर ने मला."

गेटचं कुलूप निघतं ते फक्त रविवारी, पाहुण्यांसाठी. म्हणून रविवारी गेलो. अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. गेटवर सहल काढणारा पुण्याचा पोरगा एकेकाच्या गळ्यात ओळखपत्र अडकवत होता. मी म्हटलं, हे इथंच कामाला होते.

"अरे वा, ग्रेट! पण काका, आधी ऑनलाइन नोंदणी लागते. इमारत धोकादायक आहे, जास्त माणसं नेता येत नाहीत. कुणी आलं नाही तर तुम्हाला घेतो. जरा बाजूला थांबाल?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात अण्णा म्हणाले, "व्हय, थांबतो की." आणि काठी टेकत डाव्या अंगाला जाऊन उभे राहिले. जागा कुणी दाखवावी लागली नाही. गाडी आली की मान उंचावून बघायचे, माणसं उतरली की खाली बघायचे.

"चला घरी. भीक मागायला आलोय का आपण?" मी म्हटलं.

"गप गं. आजून पाळी भरली न्हाय."

शेवटी त्या पोराला फोन आला. कुणाची तरी गाडी टेंभुर्णीजवळ बंद पडली होती. अण्णांचा चेहरा उजळला. दुसऱ्याचं बिघडल्यावर माझ्या बापाच्या तोंडावर येणारा तो आनंद मला बघवेना. पोरानं न आलेल्या माणसाचं ओळखपत्र त्यांच्या गळ्यात घातलं. "काका, लकी आहात!" म्हणाला. जागा एकच होती, मी बाहेर थांबले.

पाहुणे हसत, मोबाईल एकमेकांना दाखवत बाहेर आले. अण्णा सगळ्यांत मागं होते.

"साचे दिसले?" मी विचारलं.

"कुटलं. समदं भंगारात गेलंय. आत बाभळी हायत्या नुसत्या."

मला वाटलं, चला, अण्णा सुटले एकदाचे. त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र काढलं, दोन्ही हातांनी त्या पोराच्या हातात दिलं आणि विचारलं, "उद्या येऊ का, सायेब?"

पोरगा हसला. अण्णा उत्तराची वाट बघत उभे होते.