डब्याखालचा अर्ज

येळवंडे मामांच्या जेवणाच्या डब्याखाली कायम कुणाचं ना कुणाचं भवितव्य दाबलेलं असायचं. आमच्या विद्यापीठात एका स्कूलमधून दुसऱ्या स्कूलमध्ये जायचं असेल, तर अर्ज त्यांच्या खिडकीवर द्यावा लागे. मामा तो शांतपणे वाचत, आवकचा शिक्का बाजूला सारत आणि अर्ज डब्याखाली सरकवून म्हणत, "आठ दिस ऱ्हाऊ दे. मंग ये." आठ दिवसांत निम्मी मुलं अर्ज परत घेऊन जात. उरलेल्यांचे अर्ज मामा स्वतः टेबलोटेबली फिरवून मंजूर करून आणत. प्रत्येकावर डब्याचा गोल तेलकट डाग असायचा, आणि साहेबलोकांना तो शिक्क्यापेक्षा जास्त ओळखीचा झाला होता.

महाळुंग्याच्या कंपन्यांच्या पाठीमागे असलेलं आमचं हे खासगी विद्यापीठ फार निवडक होतं. आत यायला मुलं दोन-दोन वर्षं क्लास लावत, आणि आत आल्यावर एका इमारतीतून समोरच्या इमारतीत जायला तेवढीच धडपड करत. माहितीपत्रकावर 'ज्ञानाला भिंती नसतात' असं सोनेरी अक्षरांत छापलेलं होतं. अर्जावर मात्र सात सह्या लागत. इंजिनिअरिंगची इमारत आणि समाजविज्ञानाची इमारत यांच्यामध्ये फक्त एक हिरवळ होती, आणि तिच्यावरून चालायला मनाई होती.

मामांना याची गंमत वाटे, कारण ती सगळी जमीन एके काळी त्यांच्या घरची होती. जमीन देताना घरटी एक नोकरी ठरली, ती मामांच्या वाट्याला आली. "हितं समदा कांदा व्हता," ते सांगत. "ह्या टोकाला रोप टाकायचं, त्या टोकाला लावायचं. मधी बांधसुदीक न्हवता. आता तेवढंच आंतर जायला तुमाला सात सह्या." स्कूल बदलणारं प्रत्येक पोर त्यांना कांद्याचं रोप वाटे. रोप उगवलं तिथंच ठेवलं तर नुसती पात माजते, कांदा पोसत नाही, म्हणून ते उपटून दुसरीकडे लावावंच लागतं, हे त्यांचं शैक्षणिक धोरण. पण उगाच उपटलेलं रोप वाळून जातं, म्हणून आधी आठ दिवस डब्याखाली. अशी लागवड झालेलं कुणी कॅन्टीनमध्ये भेटलं की ते हटकून विचारत, "काय, मूळ धरलं का?"

मी मेकॅनिकलला होते. बाबा परभणीकडून आलेले, महाळुंग्यातल्या एका कंपनीत वेल्डर. रहाटणीला आमचं भाड्याचं घर. मला यंत्रांची भीती वाटत नव्हती, कंटाळा येत होता, आणि हे घरी सांगायची मात्र भीती वाटत होती. मला समाजशास्त्र शिकायचं होतं. आमच्या गल्लीतली माणसं गाव सोडून इथं का आली आणि इथं येऊनही गावातल्यासारखीच का भांडतात, हे कुणीतरी नीट समजावून सांगावं असं वाटायचं. मामांनी माझा अर्ज हातातही घेतला नाही. "आदी वाफा बगून ये," म्हणाले आणि समोरच्या इमारतीत आठवडाभर मागच्या बाकावर बसायला पाठवलं. मी परत आले तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि पालकांच्या सहीची मोकळी जागा बोटाने दाखवली.

बाबा फर्स्ट शिफ्ट संपवून गणवेशातच आले. माझ्याकडे न बघता खिडकीतून मामांना म्हणाले, "पोरगी इंजिनिअर व्हायलीय म्हणून सगळ्या गावाला सांगून बसलो मी. आता काय सांगू?"

मामांनी त्यांना आत बोलावून खुर्ची दिली. गावाकडे कांदा करत होता का, असं विचारलं. बाबा म्हणाले, करत होतो.

"मंग रोप कवा उपटायचं, ते गावाला इचारून ठरवत व्हता का, दादा?"

बाबांनी अर्ज पुढे ओढला आणि सही केली. गावाला त्यांनी फोन करून सांगितलं की पोरीचं डिपार्टमेंट बदललंय, कंपनी तीच आहे. गावाला ती बढती वाटली, आणि बाबांनी गैरसमज दूर करायची घाई केली नाही.

अर्ज डब्याखाली गेला, आणि इथे मामांचं चुकलं. मुदत संपायला बारा दिवस होते, म्हणून ते निवांत होते. मधेच वरच्या कार्यालयाने मुदत आठवडाभर अलीकडे ओढली आणि तसं ई-मेलने कळवलं. मामा ई-मेल वाचत, पण कुणी पुढ्यात उघडून दिला तर. नवव्या दिवशी ते अर्ज घेऊन गेले तेव्हा मुदत संपून चार दिवस झाले होते. साहेब म्हणाले, मुलीने अर्ज उशिरा दिला, आता काही होणार नाही. स्कूल बदलायची मुभा पहिल्या वर्षापुरतीच असे. म्हणजे मी जन्माची मेकॅनिकल.

मामा त्याच वर्षी निवृत्त होणार होते आणि त्यांची दोन वर्षांची मुदतवाढ जवळजवळ ठरली होती. तिचा त्यांना लोभ होता आणि तो ते लपवतही नसत. म्हणत, "रिटायर झालो की माझ्याच वावरात यायला मला गेटावर पास काढावा लागंल." गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. अर्जावर आवकचा शिक्काच नव्हता. पण त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि त्यावर लिहिलं, 'सदर मुलीचा अर्ज मुदतीत आला होता. तो माझ्या डब्याखाली होता. चूक माझी आहे.' त्या विद्यापीठाने छापलेल्या कुठल्याही मजकुरात इतकं सरळ मराठी मी वाचलेलं नाही. मला समाजविज्ञानात जागा मिळाली, मामांना मेमो मिळाला, आणि मुदतवाढ 'प्रशासकीय कारणास्तव' राहून गेली. मला तेव्हा फार अपराधी वाटलं. अजूनही वाटतं.

निरोपाच्या दिवशी बाबा रजा टाकून आले. शाल-श्रीफळ झालं. मेमोवर ज्यांची सही होती, त्याच साहेबांनी भाषणात मामांच्या 'तत्पर सेवेचा' गौरव केला. नंतर बाबा मामांना बाजूला घेऊन म्हणाले, "पोरीचं झालं, पण तुमचं गेलं की हो."

"न्हाई, दादा. पातीची मान पडली म्हंजी कांदा तयार झाला, मंग तो काढायचाच असतो. ठिवला तर जिमिनीत सडतो." मग माझ्याकडे वळून त्यांनी नेहमीचं विचारलं, "धरलं का?"

नव्या स्कूलच्या पहिल्याच परीक्षेत मी एका विषयात नापास झाले होते. म्हटलं, "अजून कोमेजलेलंच आहे, मामा."

"कोमेजू दे. आठ दिस ऱ्हाऊ दे."

त्यांनी डबा पिशवीत टाकला आणि थेट हिरवळीवर पाय ठेवला. वॉचमनने शिट्टी तोंडाशी नेली, माणूस कोण ते बघितलं आणि शिट्टी खाली घेतली. मामा सावकाश, मधेच वाकून माती चाचपत, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही सही न घेता चालत गेले. मला हसू येत होतं आणि रडूही. बाबा म्हणाले, चल, त्यांना गेटापर्यंत पोचवू. मग आम्ही दोघं कडेच्या फरशीवरून लांबचा वळसा घालून गेलो. हिरवळीवर पाय ठेवायचा धीर आम्हाला काही झाला नाही.